अक्रोडाचं दाभण

२१ सप्टेंबर

धाकटे,

आठ दिवसांसाठी जाते म्हणून गेलीस, त्याला महिना झाला. नात गोड आहे हे मान्य, पण मुलाच्या इमारतीची लिफ्ट बंद पडून तू आत अडकलीस की काय? काहीतरी कळव. नाहीतर मी शेजारीपाजारी सांगून टाकते, आमच्या जाऊबाई पळून गेल्या. कोणाबरोबर विचारलं तर विहीणबाईंबरोबर म्हणेन.

इकडे ओढ्याकाठचे अक्रोड पडायला लागलेत. काल काठी, चादर, पोतं घेऊन गेले. दरवर्षी चादरीची दोन टोकं तुझ्या हातात असतात, दोन मी कमरेला खोचून फांदी झोडपते. एकटीने कसं करायचं, सांग. मी दोन टोकं दगडाखाली दाबली आणि दोन एका झुडपाला बांधली. झुडूपही तुझ्यावरच गेलेलं. ऐन वेळी मान टाकली आणि सगळे अक्रोड ओढ्यात. मग पातळ वर धरून पाण्यात उतरले आणि एकेक वेचला. जे वाहून गेले ते पोकळच असणार, अशी मनाची समजूत घातली.

हिरव्या साली सोलून हात मनगटापर्यंत काळे झालेत. टपालवाला विचारत होता, शाई सांडली का? म्हटलं, नाही रे बाबा, जावेची वाट बघून काळी पडले.

एक महत्त्वाचं. दाभण कुठे ठेवलंयस? शिवणाचा डबा झाला, चमच्यांचा खण झाला, तुझ्या उशीखालीसुद्धा बघितलं. फोडायला मी आहे, पण टोकरून गर काढणार कोण आणि कशाने? माझ्या हातोडीखाली अक्रोडाचं काय होतं, ते तू रोज तोंड वाकडं करून बघत आलीस.

तुझी
थोरली


२७ सप्टेंबर

जाऊबाईंना नमस्कार.

तुमचं पत्र सूनबाईने मोठ्याने वाचलं, तेही विहीणबाईंच्या देखत. 'पळून गेल्या' ऐकून त्यांना चहाचा ठसका लागला. जरा जपून लिहीत जा.

मी मजेत आहे. नात आता माणसं ओळखून हसते. विहीणबाई इथेच राहायला आल्यात, फार अगत्याच्या. मला कशाला हात लावू देत नाहीत. भांडं उचललं की 'तुम्ही बसा हो', केरसुणी घेतली की 'तुम्ही बसा हो'. बसून बसून खुर्चीला माझा आकार आलाय. संध्याकाळी त्या माझ्या हातांना वासाचं मलम चोळतात. हात इतके मऊ झालेत की सुई निसटते.

दाभण माझ्याकडे आहे. लोकरीच्या पिशवीत घुसून आलं. विहीणबाईंना एकदम आवडलं. त्यांनी त्याने गादीला टाके घातले आणि आता ते त्यांच्याच डब्यात असतं.

एक गंमत सांगते. जेवणाच्या टेबलावर चाकूचा लांब चरा पडला. नवं टेबल, विहीणबाईंनीच दिलेलं. त्यांचा चेहरा बघवेना. माझ्या कोटाच्या खिशात मागच्या वर्षीचा एक अक्रोड राहिला होता. दाराच्या फटीत धरून फोडला, गर चऱ्यावर घासला, बोटाने जिरवला, फडक्याने पुसला. चरा होता कुठे ते सापडेना! घरात माझी केवढी वाहवा झाली. विहीणबाई आता इमारतीत घरोघरी जाऊन टेबलं बरी करून देतात.

मुलाचं म्हणणं आहे की मी आता इथेच कायमचं राहावं. म्हणतो, तिकडच्या तुझ्या दोन खोल्या नुसत्या रिकाम्या कशाला, एखादं चांगलं माणूस बघून दे, मोठ्या काकूलाही सोबत होईल. तुमचं काय म्हणणं ते कळवा. तुम्ही नको म्हणालात तर मी त्याला तसं सांगेन.

तुमची
धाकटी


३ ऑक्टोबर

धाकटे,

चऱ्याची युक्ती तू विहीणबाईंना दिलीस?

आठवतंय का, ती कुठे सापडली आपल्याला? सासूबाई गावाला गेल्या होत्या, कपाट सरकवताना तू त्याच्यावर बांगडीने हा एवढा चरा ओढलास आणि रडायला बसलीस. मी समोर होतं ते सगळं घासून बघितलं, मेण, तेल, चहाची पूड. शेवटी अक्रोड. दोघी जमिनीवर बसून हसलो होतो. सासूबाई देवाघरी गेल्या तरी त्यांना पत्ता लागला नाही. मी ती युक्ती आजवर कोणाला सांगितली नाही. सुताराने विचारली तरी सांगितली नाही. आणि तू ती परक्या बाईच्या टेबलावर घासून आलीस!

वर दाभण त्यांच्या डब्यात. उद्या तुलाही घडी घालून त्याच डब्यात ठेवतील आणि वरून झाकण लावतील. तू आतून म्हणशील, फार अगत्याच्या हो.

असो. माझं काही अडलेलं नाही. सांगायचं राहूनच गेलं, मला मैत्रीण मिळालीय. पुलाजवळच्या घरात नवीन राहायला आली. दवाखान्यात नर्स होती, आता निवृत्त झाली. सगळे सिस्टर म्हणतात, मीही म्हणते. रोज माझ्याबरोबर ओढ्यावर येते. चादर अशी धरते की एक अक्रोड खाली पडायची टाप नाही. माझ्या विनोदांना हसते, पहिल्यांदा ऐकल्यासारखी. तू शेवटची कधी हसली होतीस?

आम्ही साली बादलीत कुजवल्या आणि ते पाणी उकळून माझी पिवळी पडलेली शाल त्यात बुडवली. आता कशी दिसते, भाजलेल्या विटेसारखी! उरलेलं पाणी फडताळाच्या फळ्यांना लावलं. टरफलं शेगडी पेटवायला ठेवलीत, थोडी कुटून करपलेला तवा घासला. पानं लोकरीच्या कपड्यांत घातली, कसर लागू नये म्हणून. सगळं दोघींनी मिळून.

आणि दाभणाचं म्हणशील तर सिस्टरला ते लागतच नाही. मी टरफलाला टिचकी दिली की ती दोन अंगठे लावते आणि मगज बाहेर. अख्खा. पंख पसरलेल्या फुलपाखरासारखा.

खोल्यांचं बघू. घाई काय आहे?

थोरली


९ ऑक्टोबर

जाऊबाईंना नमस्कार.

तुम्हाला मैत्रीण मिळाली हे वाचून फार आनंद झाला. इतका आनंद झाला की त्या दिवशी जेवण गेलं नाही.

त्या किती वर्षांच्या आहेत? आपल्या स्वयंपाकघरात येतात का? खिडकीजवळच्या खुर्चीत त्यांना बसवू नका. तिचा एक पाय डुगडुगतो, मला सवय आहे, त्यांना नाही. पडतील बिचाऱ्या. निळ्या कपातून चहा देऊ नका, त्याचा कान मी चिकटवलाय, निखळेल. एकंदरीत त्यांना ओट्याशी उभंच ठेवलं तर बरं.

आणि मी हसत नव्हते असं कसं म्हणता? बादलीत पडलेल्या कोंबडीचा किस्सा तुम्ही दर आठवड्याला सांगता. मी दर आठवड्याला हसत आले. विचारा त्या सिस्टरना, पुढच्या वर्षी हसाल का म्हणून.

त्यांचे केस पिकले असतील ना? मग माझ्यातर्फे एक उपाय सांगा. अक्रोडाच्या सालींचं पाणी चांगलं दाट होईपर्यंत आटवायचं. ते केसांना लावायचं, कपाळावर, कानांवर, मानेवरही सढळ हाताने चोळायचं. दुपारभर तसंच ठेवायचं. नंतर साध्या पाण्याने निघून जातं. तुम्ही मात्र लावू नका हं. हे खास त्यांच्यासाठी.

मुलाला सांगितलंय, खोल्यांचं तूर्त थांब.

धाकटी


१४ ऑक्टोबर

धाकटे गं धाकटे,

कपाळावर चोळायचं आणि साध्या पाण्याने निघून जातं? जन्मभर तुझे-माझे हात थंडी सरेपर्यंत काळे राहिले. लिंबू घासलं, राख घासली, दगड घासला. आणि ती बिचारी सिस्टर कपाळभर तपकिरी पट्टा घेऊन बाजारात फिरली असती! पत्र वाचून मी अशी हसले की मांजर उठून बाहेर गेलं.

जळतेस ना? जळ जळ. मला फार बरं वाटलं. तुला वाटतं मी नाही जळत? ते वासाचं मलम माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. परवा स्वयंपाकघरात माझ्या हातांना नुसतं खोबरेल लावून बघितलं. वास आला, पण मजा नाही आली. स्वतःच स्वतःला 'तुम्ही बसा हो' म्हणून बघितलं. बसले. मग उठून मीच चहा केला.

तर सिस्टरबद्दल. तिला तुझी खोली भारी आवडली. खिडकीतून ओढा दिसतो, सकाळचं ऊन येतं. म्हणते, हिरवे पडदे लावीन. तुझा पलंग मात्र तिला आखूड होतो, उंच आहे ना ती. तिचा पुलाजवळचा घरमालक कटकट करतो म्हणे. मी म्हटलं, थांब, आधी धाकटीला विचारते.

तर विचारते. देऊ का?

थोरली


२६ ऑक्टोबर

धाकटे,

उत्तर नाही. रागावलीस का? कपाळाचं एवढं मनावर घेतलंस? बरं, पट्टा आला असता तर मीही हसले असते, झालं?

इथे पानं सगळी गळाली. ओढ्यावरचं झाड नुसतं हाडांचं उभं आहे. अक्रोड आणून तुझ्या खोलीत पसरलेत, तिथेच ऊन येतं म्हणून. रोज परतायला हवेत, पण दोन दिवस राहिलं ते. सिस्टर मागच्या पायरीवरून घसरली. ओल्या साली मीच तिथे टाकल्या होत्या. घोटा असा सुजला की चपलेत पाय जाईना. मोडला नाही म्हणते. तीच नर्स, तिला कळणार. पहिले दोन दिवस चहाला उठणंसुद्धा झालं नाही तिला. आता भिंत धरून शेगडीपर्यंत जाते.

तू काळजी करू नकोस. तुझी ती कोण?

टपालवाला दारात उभा आहे, त्याच्याच हातात देते.

थोरली


३१ ऑक्टोबर

जाऊबाईंना नमस्कार.

रागावले नाही. म्हणजे, रागावले होते. हिरवे पडदे कळल्यापासून. तीन वेळा लिहायला बसले, तिन्ही वेळा शब्द असे आले की फाडून टाकले.

मी एवढंच म्हणते. ओढ्याकाठच्या अक्रोडाचा अख्खा मगज काढणं सोपं नाही. मला दाभण घेऊन, जीभ दाताखाली धरून, पोत्यात चार-दोन साधायचे. ते साधले की मी तुम्हाला हाक मारून दाखवायची आणि तुम्ही तो पटकन तोंडात टाकायचा. त्या सिस्टर अंगठ्याने काढतात म्हणता. मला बघायचेत. ओंजळभर पाठवा.

खरंच अख्खे असले तर मी काही बोलणार नाही. चादरीची टोकं त्यांची, खुर्ची त्यांची, खोलीही त्यांची. पडदे हिरवे लावा नाहीतर जांभळे.

धाकटी


५ नोव्हेंबर

धाकटे,

सोबत पुडी आहे. सिस्टरने तुझ्यासाठी मुद्दाम बसून काढले. नीट बघ, एकही फुटलेला नाही. विहीणबाईंनाही दाखव आणि त्यांच्या तोंडावर एकदा सांग, आमच्याकडे दाभण लागत नाही म्हणून.

आता बोल.

थोरली


१० नोव्हेंबर

जाऊबाई,

बोलते. आज नमस्कार शेवटी.

पुडी सोडली आणि एकेक उलटून बघितला. खरंच अख्खे! म्हटलं, संपलं, गेली माझी खोली. विहीणबाईंनी एक उचलून खाल्ला आणि म्हणाल्या, 'किती गोड!'

गोड?

जाऊबाई, आपला अक्रोड गोड असतो? टरफल दगडासारखं, आत पडदेच पडदे, गर कोपऱ्यात दडून बसलेला, अंगाने काळसर आणि साल जिभेला चावणारी. आणि हे तुमचे कसे? गोरेपान, गुबगुबीत, थेट विहीणबाई. हे दुकानातले आहेत! घरात पोतंभर अक्रोड पसरलेले असताना तुम्ही विकतचे आणलेत. सासूबाई वरून बघत असतील तर कपाळाला हात लावून बसल्या असतील.

मी खूप हसले. मग पुडीची गुलाबी दोरी हातात आली आणि हसू थांबलं. ही आपल्या वाण्याची दोरी. दुकानात तो नुसता कागद मुडपून देतो, दोरी फक्त घरपोच सामानाला बांधतो. त्याला तुम्ही कधी आपल्या दारात येऊ दिलं नाहीत, न बघता घेतलं की खालचा माल देतो म्हणून. आणि आता त्याला घरी बोलावलंत? म्हणजे तुम्हाला दुकानापर्यंत चालवत नाही. म्हणजे घोटा सुजलाय तो तुमचा. सिस्टरबिस्टर कोणी नाही. पायरीवर तुम्ही पडलात, आणि दोन दिवस त्या घरात चहा करून द्यायला कोणी नव्हतं.

मी इथे हात मऊ करून बसले होते.

मी पहिल्याच पत्रात लिहिलं होतं ना, तुम्ही नको म्हणालात तर मुलाला तसं सांगेन? मी ते एक 'नको' यायची वाट बघत होते. दोन अक्षरं लिहायला तुम्हाला एवढं जड गेलं, की त्यापेक्षा अख्खी नर्स जन्माला घातलीत? तिला उंची दिलीत, घरमालक दिलात, पडदे दिलेत! त्या नसलेल्या बाईवर जळून जळून मी अर्धी झाले. सूनबाई मला डॉक्टरकडे न्यायला निघाली होती.

आणि माझंही ऐका. विहीणबाई वाईट नाहीत. पण त्यांच्याशी भांडता येत नाही. काहीही म्हटलं तरी 'बरं हो' म्हणतात. मलमाचं तुम्हाला लिहिलं ते तुम्ही जळावं म्हणूनच लिहिलं. टेबलाचंसुद्धा. टेबलाचं लिहिताना जरा चुकल्यासारखं वाटलं होतं, तरी लिहिलं.

काल नातीला गाडीत घालून फिरायला नेलं तर बस डेपोच्या मागे एक अक्रोडाचं झाड दिसलं. कोणी हात लावलेला नाही, खाली काळ्या सालींचा चिखल. मी तिथेच बसले. गाडीची खालची जाळी भरून आणले. हात असे काळे झालेत की विहीणबाईंनी पहिल्यांदाच मला 'तुम्ही बसा हो' म्हटलं नाही. पांढऱ्या सोफ्यापासून लांब उभं केलं. मी मोरीतच बसून सगळे सोलले. किती दिवसांनी भूक लागली!

मग त्यांचा डबा उघडून दाभण काढून घेतलं. मागितलं नाही, काढून घेतलं. त्या म्हणाल्या, 'अहो, मला लागतं ते.' मी म्हटलं, 'ते अक्रोडाचं आहे.' त्यांना काही कळलं नाही. म्हणाल्या, 'बरं हो.'

मुलाला सांगून टाकलं. नातीला भेटायला येत जाईन, आठ दिवस राहीन, आणि आठ म्हणजे आठच. तो म्हणाला, आई, तिकडे काय आहे? मी हात दाखवले.

शनिवारच्या बसने येते. तोवर पायरीवर पाय ठेवू नका. वाण्याकडून आणखी काही घेऊ नका. सहीच्या जागी अंगठा उमटवलाय, शाईचा नाही.

नमस्कार.


शनिवार, सकाळ

धाकटे,

हे पत्र टपालात टाकलेलं नाही, दाराला टोचलंय. टपालवाल्याला सांगितलं तर म्हणाला, त्या आज येणारच आहेत, तोंडानेच सांगा ना. त्याला काय कळतंय! तोंडाने सांगायला लागले तर तू मधेच बोलशील.

दार नुसतं लोटलंय, ढकल. मागच्या बाजूने येऊ नकोस, पायरी अजून बुळबुळीत आहे. तुझ्या पलंगावर अक्रोड पसरलेत, खालीही आहेत. तेव्हा आज माझ्या खोलीत झोप. घोरलीस तर उद्या त्यांच्यावर झोप.

खिडकीजवळच्या खुर्चीला मी काही केलेलं नाही. डुगडुगते तशीच आहे. पाय तिच्यावर ठेवायचा नाही म्हणून स्टुलावर ठेवलाय. शेगडीवर चहाचं पाणी आहे. बघ, निळा कपही काढलाय.

कोपऱ्यात फडक्याखाली जे झाकलंय ते उघडून तोंड वाकडं करू नकोस. तुझ्या मागे मी एकटीने फोडलेले आहेत. टरफल कुठे आणि गर कुठे, देवालाही निवडता येणार नाही. तू दाभण घेऊन बस, मी समोर बसून कोंबडीचा किस्सा सांगते. निवडून होईल तेवढं मधात घालू, पावाला लावून खाऊ.

अंगठा बघितला. उजेडात धरून, चष्मा लावून बघितला. रंग आपलाच आहे. पण विहीणबाईंच्या संगतीत राहिलेल्या माणसाचा काय भरवसा, एक अंगठा कोणीही बुडवेल. आत आलीस की दहाही बोटं दाखव, मगच चहा.

आणि हो, सिस्टरला सकाळीच निरोप दिला. म्हटलं, बाई, तू फार केलंस माझ्यासाठी, आता जा. फार रडली. पडदे ठेवून जाते म्हणाली, तेही नको म्हटलं. फाटकापर्यंत गेली, मागे वळली आणि म्हणाली, "तुमची धाकटी भलतीच जळकी आहे हो."

मी म्हटलं, "आहे खरी. पण माझ्यापेक्षा कमीच."

थोरली